‘जहाल’ आणि ‘मवाळ’ : दोन विशेषणांची चिकित्सा

गेल्या वर्षी सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका चाळीत असता इतिहासाच्या एका उत्तरापाशी मी थांबलो. प्रश्न नेहमीचाच होता. ‘मवाळ व जहाल यांतील फरक स्पष्ट करा.’ उत्तर लिहिणारा मुलगा वर्गातील पहिल्या पाचांत बसणारा. त्याने लिहिले होते की, मवाळ पुढारी इंग्रजांना भीत असत, म्हणून ते अर्ज करीत. जहाल पुढारी भीत नसत, म्हणून ते लढत. या उत्तराला चारांपैकी तीन गुण मिळाले होते. मी त्या विषयाच्या शिक्षकांना बोलावून विचारले, तेव्हा ते म्हणाले, “सर, शब्दाचा अर्थच तसा आहे ना!”

त्यांच्या या उत्तराने मी अधिक अस्वस्थ झालो. मुलगा चुकला असता तर ती चूक दुरुस्त करता आली असती. पण तो चुकला नव्हता; त्याने केवळ मराठी शब्दाचा मराठी अर्थ लावला होता. गोपाळ कृष्ण गोखले भित्रे होते, ही समजूत त्याला कोणी पुस्तकात शिकविली नव्हती. ‘मवाळ’ या तीन अक्षरांनीच ती शिकविली होती. याच सुमारास वर्तमानपत्रात गडचिरोलीकडील एक बातमी होती आणि तिच्या मथळ्यात ‘जहाल नक्षलवादी’ असा शब्दप्रयोग होता. तो तिकडील बातम्यांत आता इतका रुळला आहे की, त्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. परंतु सकाळी वर्तमानपत्रात ‘जहाल नक्षलवादी’ वाचणारा मुलगा दुपारी वर्गात ‘जहाल नेते लोकमान्य टिळक’ असे वाचतो, तेव्हा त्याच्या मनात या दोन विशेषणांचे काय नाते जुळत असेल, याचा विचार आपण शिक्षकांनी आणि भाषेच्या अभ्यासकांनी करावयास नको काय?

प्रथम शब्दच पाहू. ‘मवाळ’ हा आपल्या भाषेतील फार जुना आणि फार सुंदर शब्द आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवेचन करताना ज्ञानेश्वरांनी अहिंसक पुरुषाच्या वाणीचे जे वर्णन केले आहे, त्यात ती वाणी सत्य असते आणि मवाळही असते, असे म्हटले आहे. सत्य असूनही न बोचणारे बोलणे ही तेथे साधुत्वाची खूण आहे. ‘जहाल’ची गोष्ट निराळी. जहाल विष, जहाल मिरची, जहाल औषध, जहाल तंबाखू अशा संगतीत हा शब्द आपण घरोघरी ऐकतो. जिभेला झोंबणारे, घशाला जाळणारे, मात्रा चुकली तर जिवावर बेतणारे ते जहाल. म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे दोन शब्द राजकारणात रूढ झाले तेव्हा, शब्दांच्या जुन्या पुण्याईचा विचार केला तर, मवाळ हा गौरवाचा आणि जहाल हा धास्तीचा शब्द होता. प्रत्यक्षात मात्र थोड्याच वर्षांत उलटे झाले. ज्ञानेश्वरांनी साधूला दिलेले विशेषण टोमणा ठरले आणि विषाचे विशेषण भूषण ठरले. लोकांच्या सहानुभूतीचा ओघ कोणीकडे होता हे यावरून दिसतेच. पण तो ओघ शब्दांच्या अर्थालाही आपल्याबरोबर ओढून घेऊन गेला, हे आपण पुरेसे ध्यानात घेतलेले नाही.

आता हे दोन शब्द ज्या इंग्रजी शब्दांच्या जागी आले, ते पाहा. इंग्रजीत ‘मॉडरेट’ आणि ‘एक्स्ट्रीमिस्ट’ असे शब्द होते. मॉडरेट म्हणजे बेताचा, प्रमाणात राहणारा. एक्स्ट्रीमिस्ट म्हणजे टोकाचा. हे दोन्ही शब्द स्थानवाचक आहेत. एक सरळ रेघ ओढावी, तिच्या मध्याजवळ एकाने उभे राहावे, टोकाशी दुसऱ्याने, अशी ही कल्पना आहे. तिच्यात एक सोय अशी की, रेघ लांबविली की टोक सरकते आणि काल टोकाशी असलेला मनुष्य जागचा न हलता मध्याजवळ येतो. लोकमान्यांनी 1907 च्या जानेवारीत कलकत्त्यास नव्या पक्षाच्या तत्त्वांवर जे व्याख्यान दिले, त्यात नेमका हाच मुद्दा मांडला होता. ही नावे काळाशी सापेक्ष आहेत, आजचे टोकाचे उद्या मध्यम ठरतील आणि आज मध्यम म्हणविणारे काल टोकाचेच गणले जात होते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. राष्ट्रसभेच्या इतिहासाने तो खरा करून दाखविला.

परंतु हाच युक्तिवाद ‘जहाल’ आणि ‘मवाळ’ हे शब्द घालून मराठीत मांडून पाहावा. तो बसत नाही. बाजारात अधिक तिखट मिरची आली म्हणून कालची लवंगी गोड होत नाही. जहालपणा हा वस्तूचा अंगभूत गुण आहे. शेजारी काय ठेवले आहे त्यावर तो अवलंबून नाही. स्थान दाखविणाऱ्या शब्दांचे भाषांतर आपण स्वभाव दाखविणाऱ्या शब्दांनी केले आणि त्यामुळे राजकीय मतभेद हा प्रकृतिभेद होऊन बसला. टिळक उष्ण प्रकृतीचे, गोखले शीत प्रकृतीचे. एकाला पित्त, दुसऱ्याला कफ! आमच्या कित्येक चरित्रलेखकांनीही याहून फारसे निराळे काही सांगितलेले नाही.

शेजारच्या भाषांकडे पाहिले तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. बेळगावात राहणाऱ्याला कानडी पाठ्यपुस्तक हाताळण्यास दूर जावे लागत नाही. त्यात याच दोन पक्षांना ‘मंदगामी’ आणि ‘तीव्रगामी’ म्हटलेले आढळते. म्हणजे कानडीने गतीची उपमा घेतली. दोघे एकाच वाटेने चालले आहेत, एकाचा पाय सावकाश पडतो, दुसऱ्याचा झपाट्याने. या उपमेत कोणीही भित्रा ठरत नाही आणि कोणी विषारीही ठरत नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडील आपल्या बांधवांची मुले हिंदीत ‘नरम दल’ आणि ‘गरम दल’ शिकतात; तेथे स्पर्शाची उपमा आहे. वडोदऱ्याच्या वाचकांना ठाऊकच आहे की, गुजराती इतिहासपुस्तकांत मराठीतील हेच दोन शब्द चालतात. एका 1907 सालाचे चार भाषांत असे चार अर्थ होतात. इंग्रजीत ते रेघेवरचे स्थान, कानडीत पावलाचा वेग, हिंदीत हाताला लागणारी ऊब आणि आपल्याकडे जिभेची चव. मला यांत कानडी शब्द सर्वांत सभ्य वाटतात. पण ते पूर्णपणे खरे आहेत असेही म्हणवत नाही. कारण दोघांची वाट एकच होती की काय, हाच त्या वेळी वादाचा विषय होता.

तो वाद काय होता? 1906 च्या कलकत्ता अधिवेशनात दादाभाई नौरोजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रसभेने स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण यांविषयीचे ठराव संमत केले. यालाच आपण चतुःसूत्री म्हणतो. पुढच्या वर्षी अधिवेशन नागपूरहून सुरतेस हलविण्यात आले आणि हे ठराव मागे घेतले जाणार किंवा पातळ केले जाणार, अशी शंका टिळकपक्षाला आली. अध्यक्षपदी रासबिहारी घोष असावेत की लाला लजपतराय, हा तंटा त्याला जोडून आला आणि डिसेंबर 1907 मध्ये सुरतेस अधिवेशन उधळले. तेथे मंडपात फेकला गेलेला जोडा आमच्या मुलांना बरोबर आठवतो. चार ठराव मात्र आठवत नाहीत. याचेही कारण मला शब्दांतच दिसते. जहाल आणि मवाळ म्हटले की जोडा फेकणे स्वाभाविक वाटते. ठरावाच्या मसुद्यावरून भांडण झाले हे सांगण्यास या शब्दांत जागाच नाही.

या चार सूत्रांवर गोखल्यांचे मत एकेक करून तपासले तर मवाळपणाचा शिक्का कोठे कोठे निसटतो ते पाहण्यासारखे आहे. 1905 च्या बनारस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. त्या भाषणात त्यांनी लॉर्ड कर्झनच्या कारभाराची तुलना औरंगजेबाच्या कारभाराशी केली. स्वदेशीचा त्यांनी पुरस्कार केला. बंगालपुरता बहिष्कार हे निकराच्या प्रसंगी वापरावयाचे राजकीय शस्त्र म्हणून त्यांनी समर्थनीय मानले. ते सरसकट सर्व देशभर चालवावे हे त्यांना मान्य नव्हते. साम्राज्यातील स्वायत्त वसाहतींना जसे राज्य मिळाले तसे हिंदुस्थानास मिळावे, हे ध्येयही त्यांनी तेथेच सांगितले. 1911 साली त्यांनी मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि 1912 मध्ये ते 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. आम्ही शाळामास्तरांनी तरी या तेरा मतांची आठवण ठेवावयास हवी. विधेयक पडणार हे दिसत असताही ते चालवीत राहणाऱ्या मनुष्याला कोणत्या अर्थाने मवाळ म्हणावयाचे? फिरोजशहा मेहतांची गोष्ट तर याहून गमतीची. पक्षाच्या यादीत ते मवाळांचे अग्रणी. पण सभेत त्यांच्यापुढे ब्र काढण्यास भल्याभल्यांची छाती होत नसे. मवाळ या विशेषणाला इतका कमी शोभणारा पुरुष त्या काळात दुसरा सापडणे कठीण.

आता दुसरी बाजू. लोकमान्यांच्या लेखणीला आमच्या वाङ्मयेतिहासांत ‘जहाल लेखणी’ म्हणण्याची चाल पडली आहे. मला या विधानाविषयी बऱ्याच वर्षांपासून शंका आहे. 1908 साली ज्या दोन अग्रलेखांवरून टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, त्यांचे मथळे आहेत ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. दुसऱ्या मथळ्याकडे नीट पाहावे. एखाद्या अनुभवी वैद्याने रोग्याच्या नातेवाइकांना बाजूस घेऊन सांगावे तसे ते वाक्य आहे. त्यात एकही तिखट शब्द नाही. लेखाची मांडणीही वकिली थाटाची. आधी प्रतिपक्षाचे म्हणणे, मग त्यातील उणेपणा, मग कारणपरंपरा. 1897 मधील ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा मथळा मात्र खरोखर झोंबणारा होता, हे कबूल केले पाहिजे. आणि लोकांच्या तोंडी तोच राहिला. परंतु केसरीच्या फायली सलग वाचणाऱ्याला टिळकांची शैली एकंदरीत संथ, जड आणि प्रमाणाला धरून चालणारी आढळेल. भाषा जहाल होती ती ‘काळ’कर्त्या शिवराम महादेव परांजप्यांची, आणि तीही उघड शिवीगाळीने जहाल नव्हती; वक्रोक्तीने होती. वरून आर्जव, आतून अंगार. म्हणजे ज्याचे राजकारण सर्वांत जहाल मानले गेले त्याचे गद्य त्या मानाने मवाळ, आणि ज्याचे गद्य खरोखर जहाल त्याची वाक्ये वरवर पाहता अगदी नम्र. राजकारणाचे विशेषण शैलीला चिकटविले की समीक्षकाचे डोळे असे फसतात. टीकाकाराने निदान मथळ्याच्या पुढचा मजकूर वाचावा, एवढी अपेक्षा फार नाही.

सामाजिक प्रश्नांत तर ही विशेषणे पार उलथतात. 1891 च्या संमतिवयाच्या वादात सरकारी कायद्याने धर्माचारात हात घालू नये, ही टिळकांची भूमिका होती. राजकारणातील टोकाचा पुरुष तेथे सबुरीचा. आगरकरांनी 1888 साली ‘सुधारक’ काढला, तेव्हा त्याच्या इंग्रजी बाजूचे संपादन गोखल्यांकडे होते. आणि त्या पत्राइतका कडक मजकूर त्या काळी पुण्यात दुसरीकडे छापला जात नव्हता. आगरकर 1895 मध्ये वारले. रानडे 1901 च्या जानेवारीत गेले. दोघांच्याही हयातीत जहाल आणि मवाळ ही पक्षनामे रूढ झालेली नव्हती. तरीही आपण 1885 ते 1905 या वीस वर्षांना ‘मवाळ कालखंड’ म्हणतो. ज्या काळी जहाल असे कोणी नव्हते, त्या काळी मवाळ तरी कोण असणार?

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, आणि तो रास्त आहे. रानड्यांनी 1896 साली डेक्कन सभा स्थापन करताना जे निवेदन लिहिले, त्यात उदारमतवाद आणि मिताचार ही दोन तत्त्वे सभेची ब्रीदे म्हणून स्वतःच सांगितली होती. तेव्हा हे नाव शत्रूंनी लादले असे कसे म्हणता येईल? माझे उत्तर असे की, रानड्यांनी घेतलेले ब्रीद मिताचाराचे होते. मिताचार म्हणजे मागणी तोलून करणे, बोललेले सिद्ध करता येईल एवढेच बोलणे. त्याला मराठीत एक चांगला शब्द होता, ‘नेमस्त’. नेमस्त आहार, नेमस्त खर्च असे आपण म्हणतो तेव्हा त्यात दुबळेपणाचा वास नसतो; शिस्तीचा असतो. त्या पक्षाचे लोक स्वतःस नेमस्त म्हणवीत आणि टिळकांचे अनुयायी स्वतःच्या पक्षास ‘राष्ट्रीय पक्ष’ म्हणत. दोघांची स्वतःची नावे अशी उपलब्ध असता लोकांच्या तोंडी दुसरीच दोन राहिली. उघडच आहे, नेमस्त आणि राष्ट्रीय यांत यमक नाही की झणका नाही. जहाल-मवाळ ही जोडी कानाला लागते. मोर्ले-मिंटो यांच्या काळात सरकारलाही ही विभागणी सोयीची होती. मवाळांना जवळ करावे आणि जहालांना दडपावे, हे तेव्हाचे धोरण होते. सरकारी कचेरीतले वर्गीकरण आम्ही स्वातंत्र्यानंतरही पाठ्यपुस्तकांत जपून ठेवले, याचे नवल वाटते.

बेळगावच्या रहिवाशाला या विषयात आणखी एक गोष्ट सांगण्याचा हक्क आहे. मंडालेहून सुटून आल्यावर टिळकांनी 28 एप्रिल 1916 रोजी होमरूल लीगची स्थापना याच गावी केली आणि 1 मे रोजी येथेच स्वराज्यावर व्याख्यान दिले. त्या व्याख्यानात त्यांनी बादशहाची सत्ता आणि नोकरशाहीची सत्ता यांत भेद केला होता. बादशहा हवा, नोकरशाहीचा कारभार मात्र आमच्या हाती द्या, असा त्याचा रोख होता. म्हणजे ध्येयापुरते पाहिले तर 1916 मध्ये बेळगावास टिळक जेथे उभे होते, ती जागा 1905 मध्ये बनारसला गोखल्यांनी दाखविलेल्या जागेपासून फार दूर नव्हती. फरक होता तो मागणी कोणापुढे मांडावयाची यात. गोखले ती कौन्सिलात मांडीत; टिळकांनी ती बाजारपेठेतल्या माणसापुढे, त्याच्या भाषेत मांडली. या व्याख्यानावरून आणि अहमदनगरच्या दोन व्याख्यानांवरून सरकारने त्यांच्याकडून जामीन मागितला. बॅरिस्टर जिनांनी त्यांची बाजू मांडली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. त्या व्याख्यानाला जहाल म्हणावे की मवाळ? शब्द दोन्हीकडून तोकडे पडतात. सरकारला कशाची धास्ती वाटली, हे ऐकणाऱ्यांच्या संख्येवरून आणि भाषेवरून कळते. तिखटपणावरून कळत नाही.

शिक्के कसे फिरतात याचे एक उदाहरण तर आपण रोज उच्चारतो. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने 1910 च्या आपल्या पुस्तकात टिळकांना हिंदी असंतोषाचे जनक म्हटले. हे पुस्तक टिळकांना इतके बदनामीकारक वाटले की, त्यांनी विलायतेत चिरोलवर फिर्याद केली आणि 1919 साली ते ती हरले. आज आमच्या शाळांतील मुले 1 ऑगस्टच्या भाषणात ‘असंतोषाचे जनक’ हे बिरुद छाती फुगवून म्हणतात आणि टाळ्या पडतात. शत्रूने मारलेला दगड देव्हाऱ्यात बसला. मला यात वाईट काही वाटत नाही. भाषेला असा सूड घेता येतो हे चांगलेच आहे. पण ‘मवाळ’ या शब्दाच्या वाट्याला असा भाग्योदय आला नाही. उलट ‘पुरोगामी’सारखा एके काळचा मानाचा शब्दही आज मान वेळावून उच्चारला जाऊ लागला आहे, ते पाहता याच वाटेने आणखी काही शब्द जातील अशी भीती वाटते.

माझे एक स्नेही, जे स्वतः इतिहासाचे अध्यापक आहेत, त्यांचे म्हणणे असे की, “तुम्ही हे शब्द काढून घेतलेत तर मुले काय पाठ करणार? तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला खुंटी लागते.” मला हे पटते. शब्द काढून टाकावेत असे माझे म्हणणे नाही. ते त्या काळाचे शब्द आहेत आणि इतिहासात त्यांना जागा आहे. पण ती वादात वापरलेल्या शब्दांची जागा आहे. कोणी, कोणाला, केव्हा म्हटले, हे त्यांच्यासोबत सांगितले गेले पाहिजे. आपले सांगणे आपण करीत असताना मात्र ‘नेमस्त पक्ष’ आणि ‘राष्ट्रीय पक्ष’ म्हणावे. वर्तमानपत्रांनी बंदुकीच्या बातम्यांत ‘सशस्त्र’ हा साधा, खरा शब्द वापरला तर त्यांचेही काही अडणार नाही.

यंदाच्या सहामाहीत आम्ही प्रश्न बदलून पाहिला. चतुःसूत्रीतील चार सूत्रे देऊन प्रत्येकावर गोखले आणि टिळक यांची मते लिहा, असे विचारले. निकाल गेल्या वर्षीपेक्षा वाईट लागला. पुष्कळांनी दोन सूत्रांपुढे मजल मारली नाही आणि पालकांनी तक्रारही केली. सुरुवातीस सांगितलेला मुलगा आता नववीत आहे. त्याने बहिष्कारापुढे लिहिले होते, ‘दोघांना मान्य, पण गोखल्यांना बंगालपुरता.’ पुढे कंसात त्याने प्रश्नचिन्ह काढले होते. त्याच्या शिक्षकांनी त्या प्रश्नचिन्हाचा अर्धा गुण कापला होता. तो मी परत द्यावयास लावला.